फेरतपासणीसाठी यावे

"आज काय म्हणतंय?" कुंभोजकर सरांनी दारातूनच विचारलं.

"लॉगिन नाकारलं, म्हणतंय."

"मग सुधारणा आहे. परवा तर तुम्हाला सर्व्हर सापडतच नव्हता."

विनोद करताना ते हसत नसत. त्यामुळे तो विनोद होता की टोमणा, हे कळायला मला नेहमी जरा वेळ लागे. मी पडद्याकडे बघत राहिले. तोच राखाडी चौकोन, त्यात तीच दोन इंग्रजी वाक्यं आणि खाली ‘ओके’ असं लिहिलेलं बटण. ओके म्हणण्यासारखं त्यात काहीही नव्हतं, पण ते दाबल्याशिवाय चौकोन जात नसे.

ही गोष्ट दोन हजार आठच्या जानेवारीतली. तालुक्याच्या गावी एका ट्रस्टची रक्तपेढी होती, तिथे मी तंत्रज्ञ होते. जीवरसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेली, आणि शनिवार-रविवारच्या वर्गात प्रोग्रामिंगही शिकलेली. एवढ्या भांडवलावर पेढीचे प्रमुख डॉक्टर इनामदार यांनी एक काम माझ्या गळ्यात घातलं होतं. सहा वर्षं आमची पेढी खेड्यापाड्यांत शिबिरं घेत होती आणि घरंच्या घरं तपासत होती. आई, वडील, मुलं, सगळ्यांचे रक्तगट. ही माहिती सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये साठलेली होती. ती उचलून प्रत्येक घराला एक छापील कार्ड द्यायचं होतं. वाटप सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर. प्रोग्राम मी डिसेंबरातच लिहून ठेवला होता. डेटाबेसला जोडायचा तेवढा राहिला होता.

डेटाबेस कुंभोजकर सरांचा. म्हणजे पेढीचाच, पण बांधलेला त्यांनी. ते आमचे मुख्य तंत्रज्ञ, मार्चअखेर निवृत्त होणार होते. पन्नाशीनंतर संध्याकाळचा वर्ग लावून ते हे शिकले होते. सर्व्हर त्यांच्या खोलीत एका लाकडी स्टुलावर असे आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर ते धुतलेला पंचा पांघरत. डेटाबेसमध्ये दोन टेबलं होती, म्हणजे तक्ते. पहिल्यात माणसं: क्रमांक, नाव, वय, गाव, रक्तगट. दुसऱ्यात नुसते क्रमांक: कोण कुणाची आई, कोण कुणाचे वडील. दोन्ही जोडल्याशिवाय घर तयार होत नव्हतं.

पहिल्या दिवशी माझ्या संगणकाला सर्व्हरच दिसेना. वायर बदलली, नाव तपासलं, परत बदललं. संध्याकाळी सर म्हणाले, "नावानं नाही सापडायचा. त्याचा आकडी पत्ता घाला." आकडी पत्ता घातला. दुसऱ्या दिवशी कळलं की बाहेरून कुणी जोडू नये म्हणून सरांनी सर्व्हरचं दारच बंद ठेवलं आहे. उघडा म्हटलं, तर शिबिराला निघून गेले. तिसऱ्या दिवशी दार उघडलं आणि लॉगिन अडलं. त्यांनी माझ्यासाठी वेगळं खातं तयार केलं, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला, आणि मी तो बघून बघून टाइप केला तरी तोच राखाडी चौकोन. शेवटी निघालं असं, की खातं तयार करून त्यांनी ते चालूच केलं नव्हतं.

"विसरलो," ते म्हणाले.

ते काही विसरणारे नव्हते. सहा वर्षांपूर्वीच्या शिबिरात कुणाला चक्कर आली होती, हे त्यांना आठवे.

चौथ्या दिवशी, सोमवारी, जोडणी झाली. माणसांचं टेबल पडद्यावर भराभर उतरलं. नऊ हजार नावं. मी खुर्चीत मागे टेकले. मग दुसरं टेबल मागितलं आणि चौकोन परत आला. या टेबलावर तुम्हाला परवानगी नाही.

मी त्यांच्या खोलीत गेले. ते चहा बशीत ओतत होते.

"सर, नात्यांचं टेबल बंद आहे."

"हो."

"ते लागणार मला."

"कशाला? माणसाला स्वतःचा गट ठाऊक असला म्हणजे झालं. चार माणसांची चार कार्डं छापा."

"डॉक्टरांनी कुटुंबाचं कार्ड सांगितलंय. एका घराला एक."

"डॉक्टर काय, उद्या गल्लीचं कार्ड सांगतील." त्यांनी फुंकर घातली. "त्या टेबलात गडबडी आहेत, ढवळीकर बाई. ते माझ्या कामापुरतं आहे. बाहेर काढण्यासारखं नाही."

"गडबडी म्हणजे चुका?"

"चुका म्हणा."

"मग दुरुस्त करू ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी सांगणार असं वाटलं. पण ते चहाच प्याले, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "काही गोष्टी जोडल्या नाहीत तर बरं असतं."

मला संताप आला. चार दिवस मी एकेक दार ठोठावत होते आणि हा गृहस्थ आतून एकेक कडी लावत होता. मला वाटलं, निवृत्त होणाऱ्या माणसाला आपलं गाठोडं सोडवत नाही. त्यात चुका करून ठेवल्या आहेत आणि त्या मी शोधून काढीन, ही भीती आहे. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. मी बोलत नसे. मी थेट डॉक्टर इनामदारांकडे गेले आणि एवढंच म्हणाले, की परवानगी मिळत नाही, कार्डं होणार नाहीत.

डॉक्टरांनी पुण्याच्या त्या कंपनीला फोन लावला, जिने सर्व्हर बसवून दिला होता. मग रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"मॅडम, मुख्य खात्यानं आत जा ना," पलीकडचा माणूस म्हणाला. "त्याला सगळं उघडं असतं."

"पासवर्ड?"

"काही नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

"अहो, म्हणजे काहीच नाही. ती जागा रिकामी सोडा. आम्ही बसवताना घातला नव्हता. तुमच्या लोकांनी नंतर घातला असेल तर गोष्ट वेगळी."

कुणी घातला नव्हता. सरांनी लहानसहान दारांना कुलपं लावली होती आणि महादरवाजा सताड उघडा होता. मी ती जागा रिकामी सोडली, बटण दाबलं, आणि दोन्ही टेबलं एकदम माझ्यापुढे आली. जिंकल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

त्याच दिवशी मी प्रोग्राममध्ये एक तपासणी जोडली. चुका आहेत म्हणाले होते ना, तर त्या सापडायला हव्यात. नियम पहिल्या वर्षाच्या पुस्तकातला होता. मुलात जो गट दिसतो, तो आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेला असला पाहिजे. आई बी, वडील ओ, आणि मूल ए, असं होऊ शकत नाही. ए आणणार कोण? असं कुठे दिसलं तर कुठेतरी शिबिरात नोंद चुकली आहे. मग कार्डाच्या तळाला एक ओळ छापायची: ‘वडील व अपत्य यांचे रक्तगट जुळत नाहीत. फेरतपासणीसाठी यावे.’

ती ओळ मी तीनदा वाचली. शुद्धलेखन तपासलं. माझ्या मते ती आमच्या चुकीबद्दलची ओळ होती.

दोन हजार तीनशे कार्डांपैकी एकोणीस कार्डांवर ती ओळ आली. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर वाटप झालं. डॉक्टरांनी भाषणात माझं नाव घेतलं. कुंभोजकर सर शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांच्या हातात नमुन्याचं कार्ड होतं, त्यावर ती ओळ नव्हती. मी ती छापली आहे, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी मला कुठे काय सांगितलं होतं?

पुढच्या दोन आठवड्यांत अठरा घरं येऊन गेली. अठराही ठिकाणी चूक आमची निघाली. कुठे भावाभावांची नावं उलटी पडलेली, कुठे एका आकड्याची गफलत. मी एकेक दुरुस्त करत होते आणि प्रत्येक दुरुस्तीला माझा सरांवरचा राग थोडा अधिक रास्त ठरत होता.

एकोणिसावं घर आलं नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर त्या घरातला माणूस एकटाच आला. तिशीचा, सूतगिरणीत कामाला, शर्टाच्या खिशात घडी घालून घालून मऊ झालेलं कार्ड.

"हे तुमीच छापलंय न्हवं?" त्याने ते टेबलावर ठेवलं. "दादासो खराडे. ते मीच."

मी वाचलं. दादासो खराडे, ओ. सुवर्णा खराडे, बी. प्राची, वय सहा, ए. खाली माझी ओळ.

"बरं झालं आलात. नोंद चुकलेली असते. मुलीला आणि त्यांना पण आणायला हवं होतं."

"त्या न्हाईत घरी." तो माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होता. "माहेरी हाईत. तीन आठवडं झालं."

मला तेव्हाही कळलं नाही. मी सुई काढत विचारलं, "काही कार्यक्रम आहे का तिकडे?"

तो हसला. तसं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "मॅडम, तुमी शिकलेल्या. ह्या ओळीचा अर्थ गावात पानपट्टीवाल्यालाबी कळतो. बाप आन् लेकीचं जुळत न्हाई. झेंड्यापुढं माइकवर नाव पुकारून दिलंत कार्ड. माज्या आईनं शेजारच्या गुरुजींकडनं वाचून घ्येतलं. मी घरी पोचायच्या आत आळीत समद्यांना ठावं."

मी सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

"मी काय म्हनलं न्हाई तिला," तो म्हणाला. "एकच विचारलं. एकदाच विचारलं."

मी त्याचं रक्त घेतलं. देवाला मानणारी मी नाही, पण चूक निघू दे असं त्या दिवशी मनात म्हणत होते. काचपट्टीवर दोन थेंब, एकात ए तपासायचं द्रावण, दुसऱ्यात बी. कुठेच गुठळी झाली नाही. ओ. परत केलं. ओ. मुलीची आणि आईची शिबिरातली नोंदवही काढली. दोघींची तपासणी दोनदा झालेली होती, एकदा शाळेच्या शिबिरात, एकदा गावच्या. आई बी, मुलगी ए. चूक नव्हती.

दादासो बाकावर बसून होता. त्याच्यापाशी मी गेले नाही. मी नळी घेऊन सरांच्या खोलीत गेले आणि कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ती ओळ वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

"आत कशा गेलात?"

"मुख्य खात्यानं. पासवर्ड नव्हता त्याला."

"नव्हता?" ते स्टुलावरच्या सर्व्हरकडे वळले. "मला वाटलं, मी सगळं बंद केलंय."

मग उठले. नळी माझ्या हातून घेतली, यंत्रात फिरवून रक्तातलं वरचं पिवळसर पाणी, सीरम, वेगळं केलं. शीतकपाटातून पेशींची एक बाटली काढली. ओ गटाच्या पेशी. ओ माणसाच्या सीरमला ओ पेशींचं काही वाकडं नसतं, त्यात गुठळी व्हायचं कारणच नाही. त्यांनी एका नळीत दोन्ही एकत्र केलं, मिनिटभर फिरवलं आणि उजेडात धरलं.

तळाला एकसंध लाल गोळी बसली होती. त्यांनी नळी हलवली तरी ती फुटली नाही.

"बॉम्बे गट," मी म्हणाले. साध्या तपासणीत ओ दिसणारा, पण ओ नसलेला. पुस्तकातलं अख्खं पान मला पाठ होतं. नऊ हजार लोकांवर नियम लावताना ते मला एकदाही आठवलं नव्हतं.

"पाठवायला एक वेगळी नळी भरून घ्या. मोठ्या प्रयोगशाळेकडून पक्कं करून घेऊ. पण आहेच हे." त्यांनी खुर्ची ओढली. "म्हणून ते टेबल ठेवलंय मी. असा एक सापडला की त्याची भावंडं शोधायला. त्यांच्यात असू शकतं. जोडायचंच तर त्या बाजूनं जोडायचं."

"सर, हे तुम्ही मला सांगितलं असतंत तर!"

"हो," ते म्हणाले. "सांगायला पाहिजे होतं." बशीवरून बोट फिरवत राहिले. "बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी होतो. एकाला असंच बोलून गेलो, सहज. म्हटलं, तुमचा ओ, मग पोराचा असा कसा? त्याच्या बायकोनं तपासणी होईपर्यंत वाट बघितली नाही. विहिरीवर..." त्यांनी बशी बाजूला सरकवली. "मला ते बोलता येत नाही, ढवळीकर बाई. कुलपं लावता येतात, म्हणून ती लावली."

दादासोला त्यांनीच समजावलं. मी बाजूला उभी होते.

"हे बघा, खराडे. ए म्हणजे समजा टोपी. बी म्हणजे दुसरी टोपी. ती टांगायला रक्ताच्या पेशीवर एक खुंटी लागते. सगळ्या जगाला ती असते. तुम्हाला नाही. तुमच्याकडे ए आहे, पण टांगणार कुठं? म्हणून आम्हाला दिसत नाही, आणि आम्ही ओ लिहून मोकळे. तुमच्या लेकीला आईकडून खुंटी मिळाली. तिच्याकडे तुमची टोपी दिसतेय."

"माजी," दादासो म्हणाला.

"तुमची."

शास्त्राच्या भाषेत वाक्य असं होतं: या तपासणीने तो बाप आहे हे सिद्ध होत नाही, नाही असं म्हणायला आधार उरत नाही, एवढंच. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. अचूक होतं. मी ते बोलले नाही.

दहा दिवसांनी मोठ्या प्रयोगशाळेचा कागद आला. सरांचं म्हणणं खरं निघालं. दादासो म्हणाला, "मॅडम, तुमी चला. माज्या तोंडून पटायचं न्हाई तिला." पेढीची जीप घेऊन आम्ही गेलो.

सुवर्णाच्या माहेरी ओसरीवर शिलाईयंत्र होतं. ती त्यावर बसून पोलक्याला काज करत होती. मुलगी पायाशी चिंध्या लावत बसली होती, तिने बापाकडे बघितलं आणि मग आईकडे. उठली नाही. महिन्याभरापूर्वी उठली असती, असं मला उगाच वाटलं.

मी सगळं सांगितलं. खुंटी, टोपी, सगळं. कागद पुढे केला. सुवर्णाने तो घेतला, नीट वाचला, घडी करून यंत्रावर ठेवला.

"बाई, पयलं कार्ड कुनी छापलं?"

"मी."

"आन् ह्यो कागदबी तुमीच आनला."

"हो."

ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "मी लेकीच्या डोक्यावर हात ठिवून सांगितलं, तवा खोटं. आता कागद सांगतोय, तर खरं?"

"सुवर्णा, आगं झालं गेलं..."

"मी इचारतीय त्ये सांगा. मशीननं न्हाई म्हनलं, तुमी न्हाई म्हनला. मशीन व्हय म्हनतंय, तुमी जीप घिऊन दारात. आन् उद्या मशीननं परत शब्द फिरवला, तर?"

दादासोने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलावं म्हणून.  तिने यंत्राचं चाक हाताने फिरवलं, कापड सुईखाली सरकवलं आणि शिवायला लागली. त्या खडखडाटात पुढे कुणाला काही बोलता येणार नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

परतीच्या वाटेत जीपमध्ये दादासोने ते मऊ पडलेलं कार्ड खिशातून काढलं, खालची ओळ फाडून वेगळी केली आणि उरलेलं परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्राममधून ती तपासणी काढून टाकली. मुख्य खात्याला पासवर्ड घातला, तो मी नाही, सरांनी. मी खोलीबाहेर उभी राहिले. मार्चअखेर जाताना त्यांनी तो पाकिटात बंद करून मला दिला आणि पंचाची घडी करून बरोबर नेली.

याला आता सोळा वर्षं झाली. दादासोचा गट दहा हजारांत एकाचा, म्हणून कधी सांगलीहून, कधी मुंबईहून फोन येतो. मी त्याला कळवते. तो प्रत्येक वेळी येतो, एकदाही नाही म्हटलेला नाही. केस पांढरे झालेत. एकदा म्हणाला, प्राची नर्सिंगला आहे, तिच्या मामानं सांगितलं. रक्त देण्याआधी फॉर्म भरावा लागतो. त्यात जवळच्या नातेवाइकाचा रकाना आहे. तिथे तो पेन घेऊन थोडा वेळ थांबतो, मग पुढच्या ओळीवर जातो.

तो फॉर्म मीच संगणकात भरते. इतर सगळे रकाने भरल्याशिवाय माझा प्रोग्राम नोंद घेत नाही. तो एक रिकामा राहिला तरी घेतो. तशी सोय मी करून ठेवली आहे.